केस कुणाचा?

पेडगाव स्टेशनजवळ,
१२ नोव्हेंबर १९५६

ती. दिनकरकाकांना,

साष्टांग नमस्कार. पत्र मराठीत आहे म्हणून दचकू नका. बाबांनी ऑर्डर काढली आहे. "आता आपण मुंबई राज्यात आलो. जूनपासून तुला परभणीच्या शाळेत मराठीत पेपर लिहायचेत. काकाला इंग्लिशमध्ये एक ओळसुद्धा लिहायची नाही." मी म्हटलं, मग मी बोलते तशीच लिहिणार. ते म्हणाले, "लिही. दिनकर सहन करील." तर सहन करा.

परभणीला बाबांना ऑफिस मिळालं, पण क्वार्टर अजून मिळालं नाही. म्हणून स्टेशनपासून दीड मैलावरच्या ह्या गावात दोन खोल्या घेतल्यात. बाबा रोज आगगाडीनं जातात-येतात. आई घर लावते. मी काहीच करत नाही. हैदराबादच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या आणि इथल्या मुली मला मडम म्हणतात. परवा मी विहिरीवर "मला बादली पास करा" म्हटलं, तर समोरच्या चतुराबाई इतक्या हसल्या की त्यांचीच बादली विहिरीत पडली.

पण काका, मला एक भयंकर इंटरेस्टिंग गोष्ट सापडली आहे!

आमच्या घरामागे बायनाबाई नावाच्या एक बाई राहतात. एकट्याच. त्या बाभळीच्या काड्या तोडून, सारख्या कापून, दातवणाच्या छोट्या छोट्या जुड्या बांधतात आणि स्टेशनवर गाडीतल्या लोकांना विकतात. काल समोरच्या धुरपदाआजींच्या गोठ्यापाशी, बाभळीखाली, मला तशीच एक जुडी पडलेली दिसली. फक्त खूप लहान, माझ्या करंगळीएवढी. मी ती उचलून बायनाबाईंकडे पळत गेले.

"मावशी, तुमची जुडी पडली."

त्या हसल्या. "माझी न्हाई माय ती. जिची हाय तिची हाय. ठिव जा जिथली तिथं."

मी ठेवली. आणि ती जुडी चालायला लागली!

तुम्ही दिलेल्या भिंगातून मी तासभर पाहिली. सगळ्या काड्या उभ्या, एकीला एक चिकटवलेल्या, मधे दोन काटेसुद्धा. आतून मळकट पांढरं, रेशमासारखं. वरच्या तोंडातून एक तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर येतात, फांदीला धरतात, आणि सगळी जुडी मागून ओढत नेतात. बोट लावलं की डोकं आत. कॅटरपिलरच आहे का? मग बाकीचे पाय कुठे गेले? की बीटलची अळी आहे? मी चित्र काढून सोबत पाठवते. त्या एका झाडावर मी तेवीस मोजल्या.

धुरपदाआजी मात्र गोठ्यातून ओरडल्या, "हात लावू नगंस त्याला! कुनी टांगलंय कुनास ठावं!" त्यांची म्हैस दिवाळीपासून दूध देत नाही आणि त्यांच्या सुनेला, कमलवहिनींना, सारखी चक्कर येते. त्यांना वाटतं ह्या जुड्यांमुळेच. गंमत आहे की नाही?

लवकर कळवा. मला झोप येत नाही.

तुमची,
पद्मजा


हैदराबाद,
१६ नोव्हेंबर १९५६

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

तुझं मराठी झकास आहे. बादली मी तुला इथूनच पास केली असती.

अळी ओळखली. तुझं चित्र इतकं नेटकं आहे की मी ते वर्गात दाखवलं. हे कॅटरपिलरच. इंग्रजीत हिला बॅगवर्म म्हणतात, पतंगाच्या जातीतली आहे. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर ही अळी स्वतःभोवती एक केस बांधायला घेते. तोंडातून रेशीम काढायचं, झाडाची काडी दातांनी कातरायची आणि वरून चिकटवायची. वाढेल तसा केसही वाढवायचा. तुला न दिसलेले पाय आतच आहेत, त्यांनी तिनं केस घट्ट धरलेला असतो. केसातून ओढून काढलीस तर बहुधा मरेल, तेव्हा काढू नकोस.

आणखी एक नवल. ह्यातला नर पुढं पतंग होऊन उडून जातो. मादीला पंखच फुटत नाहीत. ती केसातून कधी बाहेर येत नाही. तिथंच अंडी घालते, तिथंच मरते.

मराठीत हिला काय म्हणतात ते विचारू नकोस. मी शास्त्र शिकलो उर्दूत, शिकवतो इंग्रजीत. मराठी फक्त भाजीवाल्यासाठी उरली आहे, तोही तेलुगू बोलतो. गावात कुणाला नाव माहीत असेल तर मलाच कळव.

आणि त्या म्हशीवाल्या बाईंना नीट समजावून सांग. आपल्याला कळलेलं चार लोकांना सांगावं, नाहीतर शिकून उपयोग काय?

व्यंकटरावाला आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनकरकाका


पेडगाव स्टेशनजवळ,
२० नोव्हेंबर १९५६

ती. दिनकरकाकांना,

साष्टांग नमस्कार. सांगितलं! सगळ्यांना सांगितलं! माझं पहिलं लेक्चर झालं, आणि तेही मराठीत.

तुमचं पत्र वाचून मी तशीच धुरपदाआजींकडे गेले. अंगणात सात-आठ बायका कापूस निवडत होत्या. मी ओट्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "आजी, त्या जुड्यांना भिऊ नका. हैदराबादहून माझ्या काकांचं पत्र आलंय. प्रत्येक जुडीत एक केस असतो."

आजींच्या हातातला कापूस हातातच राहिला. "केस?"

"हो. आणि केसात जीव असतो."

"कुनाचा केस?" कमलवहिनींनी विचारलं.

"ज्याचा त्याचा," मी म्हटलं. "तोंडातून धागा काढतात आणि बांधतात."

"बाईचा का बुवाचा?" हे चतुराबाईंनी.

प्रश्न किती बरोबर विचारला बघा! मादीला काय म्हणायचं ते मला ऐनवेळी आठवेना, म्हणून मी म्हटलं, "दोघांचाही. पण बुवा उडून जातो. बाई त्या केसातून कधी सुटत नाही. आतच मरते."

तेवढ्यात कमलवहिनींना चक्कर आली आणि त्यांना घरात नेलं. बाकीच्या कुणी हलल्या नाहीत. धुरपदाआजी अगदी हळू म्हणाल्या, "काढून टाकलं तर?"

"नाही नाही. केसातून काढलं की मरणारच. काकांनी स्पष्ट लिहिलंय."

"आन् हे बांधायलंय कोन?"

मी म्हटलं, "रोज तुमच्या डोळ्यांसमोर बांधतात, आजी. तुमचंच लक्ष नाही."

काका, इतकं शांत होऊन माझं कुणी कधीच ऐकलं नव्हतं. चतुराबाईंनी तर मला हात जोडले. मडम नाही म्हणाल्या.

संध्याकाळी पोलीस पाटील माणिकराव आले आणि त्यांनीही मला सगळं पुन्हा विचारलं. फेट्याखाली घाम आला होता त्यांना. पुढच्या मंगळवारी मारुतीच्या पारावर बैठक ठेवली आहे, आणि कुठूनसा एक जाणता माणूस मुद्दाम बोलावलाय. म्हणजे सायन्सवालाच असेल. मी नोटबुक घेऊन जाणार आहे.

अळीचं मराठी नाव मात्र मिळालं नाही. बायनाबाईंना विचारावं म्हटलं तर त्या दोन दिवस दिसल्याच नाहीत. बाबा म्हणत होते की स्टेशनवर त्यांच्याकडून कुणी दातवण घेईना, मग त्या टोपली घेऊन परत गेल्या. लोक आता टूथपावडर वापरायला लागले वाटतं.

तुमची,
लेक्चरर पद्मजा


हैदराबाद,
२३ नोव्हेंबर १९५६

चि. पद्मजा,

आधी बाबांना हाक मार. हे पत्र दोघांनी मिळून वाचा. मी व्यंकटरावाच्या ऑफिसात तारही केली आहे, पण तारेत हे सगळं मावत नाही.

चूक माझी आहे, तुझी नाही. मी केस म्हणालो तो इंग्रजी. चष्म्याचा असतो तसा, वरचं कवच. तू ओट्यावर उभी राहून जो सांगितलास तो त्या बायकांनी डोक्यावरचा ऐकला. आता तुझंच पत्र त्यांच्या कानांनी वाच. प्रत्येक जुडीत एक केस, केसात जीव, बाई सुटत नाही, आतच मरते, आणि हे कुणीतरी रोज डोळ्यांसमोर बांधतंय. बाभळीच्या काड्यांच्या जुड्या गावात कोण बांधतं?

ह्याला तिकडे भानामती म्हणतात. आणि जाणता म्हणजे सायन्सवाला नव्हे. ती कुणी केली हे ओळखणारा मांत्रिक.

एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. मी दहा वर्षांचा असताना माझ्या आजोळी दगडाबाई म्हणून एक होती. आम्हा पोरांना गोष्टी सांगायची. तिच्यावर असाच आळ आला. जाणत्यानं सांगितलं, हिचे दात पाडा, म्हणजे मंत्र म्हणता येणार नाही. पाडले. दगडानं. पुढं ती गोष्ट सांगायला बसली की तिचे शब्द आम्हाला कळायचे नाहीत आणि आम्ही हसायचो. मीही हसायचो.

म्हणून नीट ऐक. पारावर लेक्चर द्यायचं नाही. कुणाला अडाणी म्हणायचं नाही. जुडी फाडून अळी दाखवायचीही नाही, कारण ते म्हणतील की बायनाबाईनंच आत घातली. अळी बांधताना दिसली पाहिजे. काचेच्या बरणीत पाल्यासकट बाभळीची हिरवी फांदी ठेवा, तीन-चार जुड्या सोडा, आणि केस वाढवायला दुसऱ्याच कसल्यातरी काड्या बारीक तुकडे करून टाका. त्या काड्या तुझ्या नकोत, बायनाबाईच्या नकोत. ज्यांना भीती वाटते त्यांनीच द्याव्यात. बरणी पाटलाच्या घरी राहू दे.

अळी त्या काड्या घेईल का? पुष्कळदा घेते. नक्की घेईल असं मला लिहिता येत नाही. येत असतं तर किती बरं झालं असतं.

दिनकर


पेडगाव स्टेशनजवळ,
३० नोव्हेंबर १९५६

ती. दिनकरकाकांना,

साष्टांग नमस्कार. बायनाबाई सुखरूप आहेत. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत, मी स्वतः पाहिलेत. आता श्वास सोडा आणि पुढचं वाचा.

तुमची तार शनिवारी आली. त्यात "केस" शब्द बघून बाबांना वाटलं तुमच्यावर कोर्टात केस झाली. आईनं देव पाण्यात ठेवले. सोमवारी पत्र आलं तेव्हा कुठे कळलं. काका, तेव्हा मला काय झालं ते मी लिहीत नाही.

मी आणि बाबा आधी बायनाबाईंकडे गेलो. दार लावलेलं होतं. बाहेर टोपलीत दातवणाच्या जुड्या सुकून पडल्या होत्या. खूप वेळ हाका मारल्यावर त्यांनी दार उघडलं.

मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. माझ्यामुळं झालं हे."

"तुझ्यामुळं? तू तर कालची आलेली. ह्या लोकाईनं मला तीस वरसं बघितलंय."

मी विचारलं की त्या जुड्यांत काय असतं हे तुम्हाला माहीत होतं का.

"माहीत न्हाई तर! ल्हानपनापासून बघायले. मोळीवाली मनतो आमी तिला. जल्मभर मोळी घिऊन हिंडती, खाली ठिवीतच न्हाई."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की. धुरपदीला दोनदा सांगितलं. तर मनली, तुलाच बरं कसं माहीत?"

मंगळवारी सकाळी पारावर सगळं गाव जमलं. तो जाणता कपाळभर शेंदूर लावून बसला होता. त्याच्या पिशवीत काय होतं ते मी पाहिलं नाही, बाबांनी पाहिलं. बायनाबाई एका बाजूला उभ्या होत्या आणि त्यांच्या भोवती कुणीच नव्हतं. म्हणून आई जाऊन उभी राहिली. आईला मी आजपर्यंत चार माणसांत बोलतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझं मराठी कच्चं आहे. त्या दिवशी मी केस म्हटलं, पण तो केस म्हणजे केस नव्हता."

चतुराबाई म्हणाल्या, "मंग केस मंजी काय, वांगं?"

माणिकराव म्हणाले, "थांबा थांबा. कोर्टातली केस मनायलीस का पोरी? कुनावर?"

मला मराठी शब्दच सापडेना. बाबा पुढे होणार होते, पण मी त्यांना थांबवलं. मी माणिकरावांच्या भिंतीवरच्या तलवारीकडे बोट दाखवलं, पारावरून ओसरीतली ती दिसते. "तलवारीला वरून असतं ते."

"म्यान?"

"म्यान! त्या किड्याचं म्यान आहे ते. तो स्वतः बांधतो. कुणी बांधून देत नाही."

जाणता म्हणाला, "किड्याला बी हीच शिकविती."

मी तुम्ही सांगितलेलं बरणीचं बोलले. धुरपदाआजी ताडकन उठल्या. "मी देती काड्या! माझ्या खराट्याच्या. हळदीत बुडवून देती, मंजी वळखाया येतील. बघू दे बांधतो का तिचा किडा!" काका, त्यांना राग होता. कमलवहिनी त्या दिवसापासून अंथरुणावरच होत्या. माझ्याच शब्दांनी.

माणिकरावांनी दोन दिवसांची मुदत दिली. जाणत्याला म्हणाले, "ऱ्हा दोन दिस. जेवन माझ्याकडं." तीन मोळीवाल्या बरणीत घातल्या, तोंडाला फडकं बांधलं, बरणी त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. धुरपदाआजी समोर बसून राहिल्या. बायनाबाईंनाही तिथंच, दुसऱ्या टोकाला बसवलं. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघी बरणीकडे बघत होत्या.

बुधवारी काहीच झालं नाही. एका अळीनं तर म्यानाचं तोंड बंद करून फांदीला टांगून घेतलं. दुसरी नुसती पाला खात होती. तिसरी बरणीच्या तळाशी पडून होती. जाणता येता-जाता हसायचा. मी जेवले नाही. बाबांनी ऑफिसला रजेची चिठ्ठी पाठवली आणि मला म्हणाले, "उद्या काही झालं नाही तर आपण बायनाबाईंना घेऊन परभणीला जाऊ. कुठंतरी ठेवू." कुठं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी ओसरीच्या पायरीवर होते, तेव्हा धुरपदाआजी ओरडल्या.

"अगं माय! माझी काडी उचलायली!"

पाला खाणारी तीच! तिनं पुढच्या पायांत पिवळी काडी धरली होती. काडी तिला लांब झाली, म्हणून एका टोकाला कुरतडत बसली. आम्ही सगळे बरणीभोवती. माणिकरावांचा फेटा माझ्या नाकात जात होता. मग तिनं काडी म्यानाच्या काठाला उभी लावली आणि डोकं इकडून तिकडे, इकडून तिकडे हलवायला लागली.

"काय करायलीय?" आजींनी विचारलं. मला नाही. बायनाबाईंना.

"शिवायलीय," बायनाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत तिनं दोन काड्या लावल्या. अख्खं गाव रांगेनं येऊन बघून गेलं. चतुराबाई तीनदा आल्या. जाणता जेवायलासुद्धा थांबला नाही, दुपारच्या गाडीनं गेला.

आई आणि बाबा आज कमलवहिनींना परभणीच्या दवाखान्यात घेऊन गेले. अंगात रक्त कमी आहे, औषध दिलंय, भानामती नाही. आणि म्हैस गाभण आहे! हेही बायनाबाईंनी आजींना आधीच सांगितलं होतं म्हणे.

आजी अजून त्यांच्याशी बोललेल्या नाहीत. पण कोनाड्यातली बरणी मी उचलायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तिचं शिवून होऊ दे."

तुमची,
पद्मजा


हैदराबाद,
३ डिसेंबर १९५६

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कॉलेजात मिळालं. पहिली तीन वाक्यं वाचली आणि पुढच्या तासाला वर्ग सोडून दिला. पोरं खूश झाली. मी बागेत बाकावर बसून पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगतो, ढसाढसा रडलो. माळ्यानं पाणी आणून दिलं.

इतकी वर्षं मला वाटायचं की तेव्हा दहा वर्षांच्या पोरानं काय करायचं होतं? आता तू पंधराव्या वर्षी, अर्ध्या मराठीत, पारावर उभी राहिलीस. माझं उत्तर मला मिळालं. ते मला फारसं सोयीचं नाही, पण मिळालं.

मोळीवाली हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिला. कंसात बायनाबाईंचं नाव टाकलं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि माझ्या एका शब्दानं त्यांना जो त्रास झाला त्याबद्दल क्षमा मागतो असंही सांग.

तुझ्या आईला साष्टांग नमस्कार. पारावर त्या तशा जाऊन उभ्या राहिल्या, आता त्यांना नुसतं वहिनी म्हणायला मला भीती वाटते.

दिनकरकाका


पेडगाव स्टेशनजवळ,
९ डिसेंबर १९५६

(काका, हे पत्र बायनाबाई सांगतायत आणि मी लिहितेय. एक अक्षर बदलायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे.)

दिनकररावाला बायनाबाईचा रामराम.

पोरीनं तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमी कामून माफी मागायलाव? तुमी तर नुसतं कागदावर लिव्हलं. मी तुमच्यावर रागावले न्हाई. पोरीवर बी न्हाई. ती लय बडबडी हाय पन मनाची चांगली हाय. (हे मी गाळणार होते. त्यांनी पकडलं.)

मी मानवतला लेकीकडं जानार होते. बोचकं बांधलं होतं. दोन दिस ते दाराशीच होतं. मंग मनलं, जाऊन काय करू? जिथं जाईन तिथं मानसं मनतील, पेडगावातून हाकललेली बाई आली. म्हनून माणिकरावाला सांगितलं, जसं आळ घेताना सगळ्या गावाला कळलं तसं आता बी कळू द्या. दवंडी पिटा.

तर काल कोतवाल डफडं घिऊन आला. चौकात उभा ऱ्हायला आन् वरडला, "ऐका हो ऐका! बायनाबाईला गावानं माफ केलं हाय!"

मी डोक्यावरची घागर खाली ठिवली. मनलं, "थांब रे. माफ? कशाची माफी?"

माणिकराव मनले, "अगं, मानाचंच बोलायलाय की त्यो."

"माफी चुकीला असती. माझी चूक कोंची ते सांगा, मंग माफ करा."

कोतवाल मनला, "मंग मी वरडू तरी काय?"

तवा धुरपदी तिच्या ओट्यावरून उठली. इतक्या दिसांनी तोंड उघडलं तिनं. मनली, "वरड की. आळ खोटा निघाला, आळी खरी निघाली. आन् आळ धुरपदीनं घेतला होता, ते बी वरड."

मी मनलं, "तुजं नाव नगं घालू."

मनली, "कामून नगं? तुजं घेताना मी इचारलं होतं का?"

मंग कोतवाल तसं वरडला. आळ खोटा, आळी खरी. गावातले लेकरं आता तेच मनत फिरायलेत. डोकं उठवलंय नुसतं.

मी कोतवालाला मनलं, आता चल टेशनावर. त्यो मनला, टेशन गावात येत न्हाई. मनलं, माझं दातवण तिथंच खपतं, तिथं बी वरड. माणिकरावानं मान हालवली. धुरपदी बी संगं आली, चपला घालून, जशी काय परभनीला निघाली. फलाटावर कोतवालानं तीनदा वरडलं. गाडीतल्या लोकाईला काय कळलं न्हाई. खिडकीतून एक जन मनला, "काय विकायलाय हो?" धुरपदी मनली, "दातवण! ताजं हाय, घ्या!" आन् माझ्या टोपलीतली जुडी तिच्याच हातानं त्याला दिली.

बोचकं मी आज सकाळी सोडलं. लुगडी वाळत घातली.

तुमी हिकडं या. दातवण देते, त्या पावडरीनं दात ऱ्हात न्हाईत. आता पुरं कर मनते पोरीला. गाडीची येळ झाली.